टार्निटच्या आज्या काहीच करत नाहीत

टार्निट, १४ एप्रिल

आणि सगळ्यात आधी कोण उगवलं असेल तर सुचित्राबाई! अगं, आमंत्रण चहाच्या वेळेचं, आणि ही बाई आमची जेवणाची ताटं उचलायच्या आत दारात. मी जुन्या गाऊनमध्ये, डोक्याला तेल थापलेलं, डाळ अजून मिक्सरच्या भांड्यात. म्हणते कशी, "मुलगा हॉपर्स क्रॉसिंगला निघाला होता, म्हटलं वाटेत मला टाक." टाक म्हणे! पोतं आहे का? बसली ती बसली, आणि माझी चैत्रगौर मांडून होईस्तोवर आमचे पडदे कुठून घेतले, सोफा कधीचा, सगळी चौकशी उरकली.

मागोमाग मुरलीधरभाऊ. हळदीकुंकवाला पुरुष माणूस! पण करणार काय, सून शनिवारची कामाला, मुलगा नाइट शिफ्ट करून झोपलेला, म्हणून नातीला, नुपूरला, घेऊन आले. पोरगी आत बायकांत, हे गॅरेजात खुर्ची टाकून. त्यांचं पन्हं मी तिकडेच नेऊन दिलं. कैऱ्या ट्रुगानिनाच्या दुकानातल्या, गोठवलेल्या, दगडासारख्या. पण डाळ अशी झाली म्हणून सांगू! तू असतीस तर भांडं चाटलं असतंस.

आता जे सांगायला बसले ते. सगळ्या जमल्यावर सुचित्राबाईंनी विचारलं, "उर्वी दिसत नाही? कुठल्या युनिव्हर्सिटीत?" तुझी आई म्हणाली, "सिडनीला, इकॉनॉमिक्स करतेय," आणि हरभऱ्यांची वाटी घेऊन सटकली. मंजिरीचं हे नेहमीचं. मला राहवलं नाही. मी भर हॉलमध्ये म्हटलं, "युनीत आठवड्यातून एकच दिवस जाते. बाकी चार दिवस ऑफिसात काम करते, पगार घेते. ऑफिसच तिला शिकवतं आणि शेवटी पदवी हातात. अप्रेंटिस आहे आमची उर्वी."

मग सुचित्राबाई म्हणाल्या, "अप्रेंटिस? आमच्या दिरांचा मुलगा होता भोसरीला, लेथवर, तशी?" मी म्हटलं, "लेथ नाही हो. कुणाचं घर कशावर चालतं, ते शोधायचं काम आहे तिचं."

संध्याकाळी तुझ्या बाबाचं तोंड बघायला हवं होतंस. "आई, गावभर सांगायची काय गरज होती?" मी म्हटलं, "श्रीनाथ, पोरगीने चोरी केलीय का?" तर म्हणतो, ऑगस्टमध्ये ऑफिसवाले पक्की करतात का बघू. केली तर ठीक. नाही केली तर परत यायचं, इथल्या युनीची सीट तिच्यासाठी राखून ठेवलीय. म्हणजे तू तिथे आणि तुझी सीट इथे, आणि हा रोज दोघींच्या मध्ये येरझारा घालतो. माझ्याही पायाला चैन नाही. देवाजवळून उठते ती कचऱ्याच्या डब्याशी, तिथून पत्रपेटीशी.

म्हणून कागदावर लिहिते हो. फोन केला की तो स्पीकरवर, आणि बाबा बाजूला. पाकिटाला कान नसतात.

आणि तू मागे म्हणाली होतीस ना, तुमच्या ऑफिसला आज्या हव्यात? आमच्या तळ्याकाठच्या बाकावर रोज सकाळी बाबागाड्यांसकट आज्यांची रांग असते. सांग किती पाठवू.

आजी


हॅरिस पार्क, २७ एप्रिल

आजी,

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभं राहूनच वाचलं. शिवांगीने, म्हणजे माझ्या फ्लॅटमेटने, कुकर लावला होता, तिलाही मोठ्याने वाचून दाखवलं. "पोतं आहे का"ला ती इतकी हसली की शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. भाताची लापशी झाली.

मी मजेत आहे. सोमवार ते गुरुवार पॅरामाटाला ऑफिस, शुक्रवारी युनी. युनीतली बाकीची मुलं पूर्णवेळ शिकतात. त्यांचं सगळं आधी वाचून झालेलं असतं, आणि आर्वोला, म्हणजे दुपारी, ती बीचवर जातात. मी लेक्चरमध्ये बसून ऑफिसचा विचार करते आणि ऑफिसात बसून लेक्चरचा. पण मजेत आहे.

आता आज्यांबद्दल. आमच्या टीमची बॉस हेलन. आम्हाला काम मिळालंय ते असं: नवीन वस्त्यांमध्ये आईबाबा दोघं कामाला जातात, तेव्हा लहान मुलांना कोण सांभाळतं? चाइल्डकेअरची फी भरली तर ती देशाच्या हिशेबात येते. आजीने सांभाळलं तर कुठेच येत नाही. म्हणजे कागदावर ती आजी नसतेच. मीटिंगमध्ये मी म्हटलं, "मला माहितेय त्या कुठे बसतात." आजी, पहिल्यांदाच मी बोलले आणि कुणीतरी लिहून घेतलं!

प्रश्न मी तयार केलेत, मराठीतले तर सगळे माझेच. १७ मेला हेलन आणि राघव टार्निटला येतील. राघव आमचा सीनियर, दादरचा आहे, छान मराठी बोलतो. तुझ्याकडे सगळ्यांना बोलावशील? त्या दिवशी माझी परीक्षा आहे, मला येता येणार नाही.

बाबांना सांग मी मजेत आहे.

उर्वी


टार्निट, १८ मे

बाळा, झाला हो कार्यक्रम, आणि असा झाला की विचारू नकोस! आधी एक बोलते. "मजेत आहे" हे तू एका कागदावर पुन्हापुन्हा लिहिलंस. मजेत असलेला माणूस एकदाच लिहितो. पण ते असू दे.

तुझी हेलन उंच, पांढरे केस बारीक कापलेले, दारातच बूट काढून आली. कुणी सांगितलं नव्हतं! मला ती तिथेच आवडली. राघवने मला वाकून नमस्कार केला. दोघांच्या गळ्यात निळ्या फितीला लटकवलेली फोटोची कार्डं, अगदी झोकात. मी बेसनाचे लाडू केले होते. हेलनने दोन खाल्ले आणि काय काय घातलंय ते विचारलं. मी वेलदोड्याचं बोट तिच्या नाकाला लावलं.

बाकावरच्या सगळ्या आल्या. मुरलीधरभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून. राघव एकेकाला बाजूला घेऊन विचारत होता, "आपण घरात नातवंडांसाठी काय काय काम करता?" आणि काय सांगू, सगळ्यांनी इतकी शोभेलशी उत्तरं दिली! सुचित्राबाई म्हणाल्या, "काम कसलं हो? आम्ही फिरायला आलोय. मी आपली मालिका बघते." खांद्यावर नातू झोपलेला, त्याची लाळ ब्लाउजवर, पण चेहरा कसा हसरा! मुरलीधरभाऊ इंग्रजीत म्हणाले, "आय अ‍ॅम टूरिस्ट," आणि नुपूरच्या वेणीचं रबर दातात धरलेलं ते काढून खिशात टाकलं. कुण्णी म्हणून कुण्णी रडगाणं गायलं नाही. मला इतका अभिमान वाटला. म्हटलं, माझ्या नातीच्या ऑफिसच्या माणसांपुढे आपल्या घरांची शोभा राखली.

मलाही विचारलं. मी पुऱ्या तळत होते. म्हटलं, "माझं काय? मुलाच्या घरी राणीसारखी राहते."

तुझा बाबा मात्र घरात नव्हता. मुद्दाम गाडी धुवायला गेला, आणि गाडी कोरडीच घेऊन आला.

आता तुझी शाबासकी झाली असेल. काय म्हणाली हेलन? सगळं लिही.

आजी


हॅरिस पार्क, १ जून

आजी,

शाबासकी नाही झाली.

सगळ्यांची उत्तरं शून्य आलीत. एका घरातसुद्धा कुणी मूल सांभाळत नाही. राघव मीटिंगमध्ये म्हणाला, "असं दिसतंय की टार्निटच्या आज्या काहीच करत नाहीत." सगळे हसले. तो वाईट नाहीये, गंमत करत होता, पण माझे कान गरम झाले. हेलन हसली नाही. ती म्हणाली, एवढ्या लोकांचं उत्तर सारखं येतं तेव्हा बहुतेक चूक प्रश्नात असते. प्रश्न माझे होते.

माझं मराठी चुकलं का गं? की त्यांना मी आवडत नाही?

जुलैच्या शेवटी माझा रिव्ह्यू आहे. मला ठेवायचं की नाही ते त्यावर ठरतं. बाबांचा फोन आला होता. तिथल्या सीटचं ऑगस्टच्या मध्यापर्यंत कळवायचंय म्हणाले. ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. हळू बोलत होते.

गुरुवारी ऑफिसला जाताना स्टेशनवरून उलट्या बाजूच्या ट्रेनमध्ये चढले, आणि कळल्यावरही दोन स्टेशनं उतरलेच नाही.

यातलं काही बाबांना सांगू नकोस.

उर्वी


टार्निट, ११ जून

माझी बाय ती,

तुझं पत्र वाचलं आणि चप्पल घालून तशीच बाकावर गेले. गार वारा, हाडं वाजताहेत, पण घरात बसवेना. सगळ्यांना म्हटलं, "माझ्या पोरीला तोंडघशी का पाडलंत?"

सुचित्राबाई बाबागाडी नुसती पुढेमागे करत राहिल्या. मग मुरलीधरभाऊंनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यांच्या व्हिसाचं पत्र. घरी देवासारखं जपतात ते. त्यात एका ओळीवर बोट ठेवलं: नो वर्क. काम करायचं नाही. म्हणाले, "वहिनी, आम्ही फिरायच्या व्हिसावर आलेली माणसं. तुम्ही इथल्या झालात, तुम्हाला काय! आणि ती दोघं गळ्यात सरकारी कार्डं घालून येतात आणि पहिलाच प्रश्न, काय काय काम करता? सकाळी हो म्हटलं आणि संध्याकाळी विमानात बसवलं तर? नुपूरला शाळेतून कोण आणणार?"

अगं, मी कपाळावर हात मारला! ते सरकारी कुठले? मी म्हटलं, आमच्या उर्वीच्या ऑफिसचे आहेत ते. तर म्हणतात, "एकच."

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. सुचित्राबाई हळूच म्हणाल्या, "आणि समजा व्हिसाचं नसतं, तरी काय सांगायचं? मुलाकडे जाऊन काम करते? उद्या साताऱ्यात कळलं तर लोक म्हणतील, सुनेने सासूला आया म्हणून नेलंय. कौमुदी चांगली आहे हो माझी. तिच्या नावाला का बट्टा लावू?" हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि मांडीवरचं पोर त्यांची माळ ओढतंय.

मी घरी येताना विचार करत आले. मी तरी काय सांगितलं होतं? राणीसारखी. सुचित्राबाईंना व्हिसाची भीती, मला तर तीही नाही.

पण तू काळजी करू नकोस. मी बंदोबस्त केलाय. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुन्हा गाठलं, शपथा घातल्या. म्हटलं, आता ते आले की उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबतो असंच सांगायचं. वर थोडं चढवून सांगा, मागची भरपाई. सुचित्राबाई लगेच म्हणाल्या, "मग मी धाकट्या दिराचीही मुलं सांभाळते असं सांगू का?" दीर दुबईला आहे! पण उत्साह बघ.

आता बोलाव तुझ्या हेलनला. एक शून्य येणार नाही.

आजी


हॅरिस पार्क, २२ जून

आजी!!

नको, नको, नको! असं नाही करायचं गं. त्यांनी खरं सांगितलं तरच उपयोग. आता त्या मोठं करून सांगतील, आणि कुणाचं खरं, कुणाचं चढवलेलं, मला कसं कळणार? शून्यापेक्षा हे वाईट आहे. शून्य तरी त्यांचं स्वतःचं होतं.

मी रागावले नाहीये. थोडी रागावले होते. शिवांगीने चहा करून दिला.

पण तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. व्हिसाचा कागद, आणि कौमुदीमावशीच्या नावाचं. मी इतकी वर्षं या लोकांमध्ये वाढले आणि मला हे सुचलं नाही. मी "काम" विचारलं. गळ्यात कार्ड घातलेल्या माणसाकरवी विचारलं. कुणाच्या घरी जाऊन विचारलं, तर जिच्याकडे सगळ्याजणी नीट साड्या नेसून येतात तिच्या.

सोमवारी हेलनला सगळं सांगितलं. तुझ्या शपथांसकट. ते सांगावंच लागलं, सॉरी. ती म्हणाली, टार्निटमध्ये आता लगेच मोजता येणार नाही. मोजायचं तर दुसरीकडे, ट्रुगानिनाला, नव्या प्रश्नांनी. मी विचारलं, आपण नुसतं ऐकायला जाऊ शकतो का? फॉर्म नाही, कार्ड नाही. त्या शून्य का म्हणाल्या, एवढंच. ती म्हणाली, रिव्ह्यूमध्ये मांड.

म्हणजे मला सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचंय की माझे प्रश्न चुकले. राघव म्हणाला, "कशाला? डेटा खराब आला म्हण, विषय संपला." रिव्ह्यूत पडले तर ते चुका सांगितल्यामुळे की चुका केल्यामुळे, तेही कळणार नाही.

सगळ्यांना सांग, शपथा सुटल्या. आणि भाऊआजोबांना सांग, आम्ही कुणाचं नाव लिहीत नाही, व्हिसाशी आमचा काही संबंध नाही.

उर्वी


टार्निट, ६ जुलै

उर्वी,

शपथा सोडवल्या. सुचित्राबाई हिरमुसल्या, त्यांनी दुबईच्या पोरांची नावंसुद्धा पाठ केली होती. मुरलीधरभाऊंना तुझा निरोप दिला. म्हणाले, "मुलगी खरी असेल, पण कागदही खरा आहे." एवढंच.

मला वाईट वाटलं, मी नाही म्हणत नाही. मदत करायला गेले आणि तुझ्या दुधात मीठ घातलं. दोन दिवस लिहायला बसले नाही. मग बसले, कारण न लिहून जास्त त्रास होतो.

बाबाला काही सांगितलं नाही. पण तो विचारतो. जेवताना मीठ मागावं तसं विचारतो, "काही कळलं का तिचं?" मी म्हणते, "मजेत आहे." तो मान हलवतो. काल मंजिरी म्हणाली, "तू स्वतःच विचार ना तिला," तर उठून नळ तपासायला गेला. नळ गळत नव्हता.

रिव्ह्यूच्या दिवशी दही खाऊन जा. तिथे मिळतं ना चांगलं?

आजी


हॅरिस पार्क, २७ जुलै

आजी,

दही खाल्लं.

मी उभी राहिले आणि सांगितलं. कुठले प्रश्न चुकले, का चुकले, माणसं कशाला घाबरली आणि कशाला लाजली. बोलताना हात थरथरत होते म्हणून टेबलाखाली ठेवले. हेलन म्हणाली, "थँक्स. टार्निटची भेट झाली की ठरवू." म्हणजे अजूनही नाही ठरलं!

आम्ही तिघं ९ ऑगस्टला येतोय. मी घरच्यांना विचारायचं नाही, तो नियम आहे. बाकीच्यांकडेही आधी आज्यांनाच बोलू देणार, मग मी. तू फक्त चहा कर. लाडूसुद्धा नको. नाही, लाडू कर.

बाबांना म्हणावं, घरी असाल तर बरं. नसाल तरी चालेल.

उर्वी


टार्निट, १० ऑगस्ट

बाळा,

तू काल संध्याकाळी गेलीस आणि घर असं झालं जसं लग्नानंतरचं कार्यालय. लगेच लिहायला बसले. कारण तू हॉलमध्ये बायकांत होतीस, आणि खरं जे झालं ते गॅरेजात झालं, आणि ते बघायला मी एकटीच होते.

आधी हॉलचं. तू काही न विचारता सुचित्राबाईंच्या नातवाला मांडीवर घेतलंस, आणि "हा झोपतो कुणाजवळ?" एवढंच म्हणालीस. बाई बोलायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत. त्याला भरवताना कुठलं गाणं, त्याला दात येत होते तेव्हा काय झालं. राघव खाली सतरंजीवर बसलेला, कार्ड नाही, वही नाही. मुरलीधरभाऊ शेवटपर्यंत "मी टूरिस्ट" म्हणत होते, पण तू नुपूरची वेणी सुटलेली बघून "कुणी घातली, छान आहे" म्हणालीस, तेव्हा त्यांनी पुढे होऊन तुला तिपेडी कशी घालतात ते दाखवलं. मी चहाचे कप भरताना बघत होते.

आता गॅरेजचं. तुझा बाबा सकाळपासून तिथे. चांगलं चालणारं कपाटाचं दार काढून परत बसवत होता. हेलन तिकडे गेली आणि न बोलता दाराचं दुसरं टोक धरलं. तुझ्याएवढं मोठं झालेलं मूल ज्यांचं आहे, त्यांनाही ती विचारत होती म्हणे. म्हणून तिने त्यालाही विचारलं, उर्वी लहान असताना तुम्ही दोघं कामाला जायचा, तेव्हा घरी कसं चालायचं?

मी नेमकी ट्रे घेऊन दारात. तुझा बाबा स्क्रू फिरवत म्हणाला, "ओह, वी मॅनेज्ड."

एवढं इंग्रजी मला कळतं गं. हेलनने फक्त माझ्या ट्रेकडे बघितलं. मला इतकं हसू आलं, कप हिंदकळले! म्हटलं, "मॅनेज्ड कुणी रे? तू?"

तो लाल झाला. स्क्रूड्रायव्हर तसाच हातात. याला ना व्हिसाची भीती, ना साताऱ्याची. कितीतरी वर्षं झाली इथे, आणि यानेही शून्यच सांगितलं! मग हळूच म्हणाला, "माय मदर. एव्हरी डे." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "आई, बाकावरचे बोलले तेच मी पण बोललो ना?" म्हणजे बाकावरचं याच्याही कानावर गेलं होतं! मी म्हटलं, "मीही तेच सांगितलं होतं, पुऱ्या तळताना. घे, चहा गार होतोय."

मग ती दोघं रंगाच्या डब्यांवर बसली. त्याने मनातलं सगळं विचारून घेतलं, मला नंतर त्यानेच मराठीत सांगितलं. पदवी तीच का? हेलन म्हणाली तीच, त्याच युनीची, फक्त वर्षं जास्त लागतात. कंपनी बंद पडली तर? तेही विचारलं. मग विचारलं, "ही चांगली आहे का?" म्हणजे तू. हेलनने त्याला तुझ्या रिव्ह्यूचं सांगितलं. चुका स्वतः होऊन मांडल्यास ते, आणि टेबलाखालचे हातही. तिला दिसले होते ते! आणि म्हणाली, सोमवारी उर्वीला सांगणार आहे, पण तुम्ही विचारलंत म्हणून आत्ताच सांगते, आम्ही तिला ठेवतोय.

हे पत्र पोचेपर्यंत तुला सोमवारी कळलेलं असेल, म्हणून लिहिते आहे. नाहीतर पोटात ठेवावं लागलं असतं, आणि माझ्या पोटात काही राहत नाही.

तुला विमानतळावर सोडून आल्यावर बाबाने कॉम्प्युटर उघडला. मंजिरीला आणि मला बोलावलं. सीट नको असं युनीला मेल लिहिलं होतं. मी म्हटलं, मराठीत वाच. त्याने वाचलं, "माझी मुलगी नोकरी करत शिकते आहे. ती अप्रेंटिस आहे. तिला या जागेची गरज नाही." बटण दाबणार तेवढ्यात मंजिरी म्हणाली, "सीट तिच्या नावावर आहे. तुझ्या नाही." त्याचं बोट वरच्या वर राहिलं. मग त्याने लॅपटॉप मिटला. बराच वेळ मिटलेल्या लॅपटॉपवर हात ठेवून बसला होता.

तर तो तुला फोन करेल. मेल तू करतेस की मी करू, असं विचारेल. लगेच "मीच करते" म्हणून तोडून टाकू नकोस. त्याला थोडं बोलू दे. बोलायचंय त्याला. मग तूच कर.

आणि टार्निटचं मोजायचं काल म्हणालीस ना, माझ्या शपथा पार विसरल्या गेल्यावर? हेलन जाताना बूट घालत म्हणाली, आम्ही २९ नोव्हेंबरला परत येऊ. शनिवार आहे. तुझ्या बाबाने न सांगता कॅलेंडरवर खूण केली.

आजी